माथेरानच्या लाल वाटेवरचे घोडे

नेरळ स्थानकाबाहेर पडले की माथेरानचा डोंगर समोर उभा राहतो. मोटारींचा रस्ता अवघड वळणे घेत दस्तुरी नाक्यापर्यंत चढतो आणि तेथेच थांबतो. पुढील सुमारे अडीच किलोमीटरचा बाजारपेठेपर्यंतचा मार्ग वर्षानुवर्षे पायी, छोट्या गाडीने, माणसांनी ओढलेल्या रिक्षेतून अथवा घोड्याच्या पाठीवरून पार केला गेला. नाक्यावर गाडीतून उतरताच पर्यटकाला तीन गोष्टी एकदम जाणवतात : हवेतील गारवा, पायांखालची तांबडी माती आणि खोगीर चढवून रांगेत उभे असलेले घोडे.

समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीचा हा डोंगरमाथा आसपासच्या धनगर, ठाकर आणि कातकरी लोकांच्या पूर्वापार परिचयाचा होता. १८५० साली ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट येथे चढून आले आणि त्यानंतर थंड हवेचे ठिकाण म्हणून त्याची वसाहत सुरू झाली. १९०७ साली पीरभॉय कुटुंबाच्या पुढाकाराने नेरळ-माथेरान ही दोन फूट रुंदीच्या रुळांची गाडी धावू लागली. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला आणि मोटारींना गावात मज्जाव करण्याची जुनी रीत अधिक भक्कम झाली. रुग्णवाहिकेसारखा अपवाद वगळता येथे इंजिनाचा आवाज नाही. त्यामुळे मैदानातील शहरांत केवळ वरातीपुरता उरलेला घोडा या डोंगरावर आजही रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. पर्यटक त्याच्या पाठीवर बसून पॅनोरमा पॉइंट, इको पॉइंट, लुईझा पॉइंट पाहतात. गॅसच्या टाक्या, भाजीपाला, सिमेंटच्या गोण्या हेही घोड्यांच्या आणि खेचरांच्या पाठीवरूनच वर येत आले आहे.

पर्यटक घोड्याचे मोल एका फेरीच्या दराने करतो. घोडा पाळणाऱ्याला, म्हणजे येथील भाषेत अश्वपालाला, तेच मोल वर्षाच्या ३६५ दिवसांनी करावे लागते. शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची सुट्टी हे त्याच्या जमेचे दिवस. खर्चाच्या बाजूला मात्र सुट्टी नाही. यंत्र बंद ठेवले तर इंधन लागत नाही. घोडा उभा राहिला तरी खातो. घोड्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या साधारण दीड ते दोन टक्के सुका चारा लागतो. म्हणजे ३०० किलो वजनाच्या तट्टाला पाच-सहा किलो चारा, शिवाय कामाच्या दिवसांत चंदी, आणि वीस ते चाळीस लिटर पाणी. त्यावर नालबंदाची मजुरी, औषधे, लसी, खोगिराची डागडुजी. हा ताळेबंद समजून घेतला की रांगेतल्या घोड्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

घोड्याचा दिवस पर्यटकाच्या चहापूर्वीच सुरू होतो. पहाटे पहिले काम म्हणजे नुसते पाहणे. रात्रीची वैरण संपली आहे का, लीद नेहमीसारखी आहे का, चारही पायांवर भार समान आहे का, डोळे स्वच्छ आहेत का. जाणता मालक एवढ्यावरून जनावराची प्रकृती ओळखतो. घोड्याच्या शरीराचे तापमान साधारणतः ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असते आणि विश्रांतीत त्याची नाडी मिनिटाला ३० ते ४० ठोके पडते. वैरणीला तोंड न लावणे, पुन्हा पुन्हा कुशीकडे वळून पाहणे, पाय आपटणे ही पोटशूळाची लक्षणे होत. घोड्याला ओकारी करता येत नाही. त्यामुळे पोटात गेलेले चुकीचे अन्न त्याला बाहेर टाकता येत नाही आणि पोटदुखी त्याच्या जिवावर बेतू शकते. शरीराच्या मानाने त्याचे जठरही लहान असते. म्हणूनच चंदी एकदम न देता दिवसातून थोडीथोडी विभागून द्यावी आणि चारा मात्र बराच वेळ समोर असावा, हा अश्वपालनाचा मूलभूत नियम आहे. उरलेली पोळी, मिठाई किंवा चिक्की कौतुकाने घोड्याच्या तोंडात देणाऱ्या पर्यटकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यांचे कौतुक क्षणाचे असते आणि पुढची रात्र मालकाला जागून काढावी लागते.

पाहणीनंतर खरारा. खरारा म्हणजे घोड्याला चकचकीत दिसण्यासाठी केलेला साजशृंगार, असा एक समज आहे. वास्तविक ती रोजची वैद्यकीय तपासणीच असते. दातेरी खराऱ्याने मान, खांदा, पाठ आणि पुठ्ठा या मांसल भागांवर वर्तुळाकार घासून वाळलेली माती व गळलेले केस मोकळे करायचे. तोंड आणि गुडघ्याखालचे पाय येथे हाड त्वचेलगत असते, म्हणून तेथे फक्त मऊ ब्रश. मग केसांच्या दिशेने ब्रश फिरवून धूळ झाडायची. आयाळ आणि शेपूट बोटांनी सोडवून विंचरायची. डोळे व नाकपुड्या ओल्या स्वच्छ फडक्याने पुसायच्या. एका घोड्याचे फडके दुसऱ्याला वापरायचे नाही. हात अंगावरून फिरत असताना लहानशी गाठ, सूज, गोचीड, उष्ण लागणारा पाय हे सारे बोटांना कळते. खोगिराखाली येणारी जागा तर दोनदा तपासावी लागते. तेथे चिकटून राहिलेला मातीचा एक खडा अथवा घामाने घट्ट झालेला केसांचा पुंजका दिवसभर स्वाराच्या वजनाखाली घासला जातो आणि संध्याकाळपर्यंत जखम होते. पाठीला जखम झालेला घोडा बरा होईपर्यंत खोगिराखाली जाऊ नये. ते दिवस मालकाच्या खात्यात निव्वळ खर्चाचे असतात. म्हणूनच खराऱ्याला दिलेली पंधरा-वीस मिनिटे ही घोड्याच्या मालकाने केलेली सर्वांत स्वस्त गुंतवणूक ठरते.

खराऱ्याचा शेवट खुरांशी होतो. पाय उचलून, टाचेकडून पुढच्या दिशेने आकड्याने माती व खडे काढायचे. तळाच्या मऊ त्रिकोणी भागाला मात्र टोचायचे नाही. तेथून दुर्गंधी येत असेल, काळा चिकट स्राव दिसत असेल तर खूर कुजू लागल्याची ती खूण. घोड्याचे खूर महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढतात. त्यामुळे नाल झिजली नसली तरी सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून ती काढून, खूर तासून, पुन्हा बसवावी लागते. नाल खुराच्या बाहेरच्या, संवेदना नसलेल्या भिंतीत खिळ्यांनी ठोकतात. खिळा जरा आत गेला की घोडा लंगडतो. चांगला नालबंद मिळणे हे चांगला घोडा मिळण्याइतकेच मोलाचे, असे जुने घोडेवाले मानतात.

घोडा विकत घेताना महाराष्ट्रात डोळ्यांसमोर येते ते सारंगखेडा. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी दत्तजयंतीला भरणारी ही यात्रा घोडेबाजारासाठी प्रसिद्ध आहे. मारवाडी आणि काठियावाडी घोडे तेथे ऐटीत उभे असतात. ग्राहक अंगावरचे भोवरे तपासतात, गळ्यावरचा देवमण शोधतात, चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेल्या पंचकल्याणी घोड्यापाशी रेंगाळतात. या परंपरेला इतिहास आहे. शालिहोत्रापासून अश्वलक्षणांची चर्चा आपल्याकडे होत आली आहे. परंतु डोंगरवाटेवर प्रवासी वाहून नेणारे जनावर घ्यायचे असेल तर भोवऱ्यापेक्षा खूर, दात, पाठ आणि स्वभाव यांकडे अधिक पाहावे लागते. पाच वर्षांच्या सुमारास घोड्याचे पुढचे सर्व कायमचे दात आलेले असतात. दातांवरून वयाचा अंदाज येतो. सपाट जमिनीवर आणि उतारावर चालवून पाहिले म्हणजे पायातला दोष उघड होतो. अनोळखी माणसाने पाय उचलला, अचानक छत्री उघडली, तरी घोडा कसा वागतो हे पाहिले म्हणजे त्याचा स्वभाव कळतो. दख्खनच्या डोंगरांत मराठ्यांच्या फौजांनी ज्यांच्यावर भिस्त ठेवली ती भीमथडीची तट्टे उंचीने लहान आणि दिसायला साधीच होती. चिवटपणा आणि कमी चाऱ्यावर निभावून नेण्याची ताकद हे त्यांचे खरे धन होते.

शिकवण्याचे काम मात्र बाजारात विकत मिळत नाही. शिंगरू आईच्या अंगाशी असतानाच त्याला माणसाच्या हाताची सवय लावतात. म्होरकी घालणे, दोरीने चालणे, पाय उचलू देणे हे पहिले धडे. खोगिराचा परिचय तिसऱ्या वर्षाच्या सुमारास आणि तोही रिकाम्या खोगिराने. पाठीच्या कण्याची हाडे पक्की होण्यास पाच-सहा वर्षे लागतात. घाईने लवकर भार टाकलेला घोडा थोडी वर्षे कमावतो आणि अकाली निकामी होतो. लांब दोरीवर गोल फिरवीत त्याला आवाजाच्या खुणा शिकवतात. लगामाची कडी तोंडात जेथे बसते तेथे दात नसतात, नाजूक हिरडी आणि जीभ असते. म्हणून लगाम ओढायचा तो हलक्या हाताने, आणि घोड्याने ऐकल्याबरोबर ढिला सोडायचा. ओढ थांबणे हेच घोड्याचे बक्षीस. ज्याला हे साधते त्याला चाबकाची क्वचितच गरज पडते. रागाने मारलेला फटका घोड्याला काहीच शिकवीत नाही. हात उगारला की भीती वाटावी, एवढेच तो लक्षात ठेवतो.

माथेरानच्या घोड्याचा अभ्यासक्रम आणखी वेगळा. झाडावरून अकस्मात उडी घेणारी माकडे, छोट्या गाडीची शिट्टी, फडफडणारी प्लॅस्टिकची पिशवी, पाठीवर बसून किंचाळणारे मूल, दरीच्या कडेने जाणारी अरुंद वाट, या सर्वांची सवय त्याला करावी लागते. घोडा हा मूळचा पळून जीव वाचवणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चोहोबाजूंचे दिसते. नेमके नाकासमोर आणि शेपटीमागे मात्र दिसत नाही. म्हणून त्याच्या मागे जाऊन उभे राहणे धोक्याचे. अनुभवी घोडा बुजत नाही याचे कारण त्याला भीती वाटत नाही असे नव्हे. आपल्याजवळ उभा असलेला माणूस आपल्याला संकटात लोटणार नाही, हा विश्वास त्याने हळूहळू, अनेक महिन्यांत मिळवलेला असतो.

आज या साऱ्या व्यवस्थेपुढे प्रश्न आहे तो वाटेचा. तांबड्या मातीची वाट खुरांना मऊ असते, पावलाचा धक्का शोषून घेते आणि नालेला पकड देते. तिचे तोटेही आहेत. पावसात ती वाहून जाते, उन्हाळ्यात तिची धूळ उडते, वेळेवर न उचललेली लीद त्या धुळीत मिसळते, आणि वृद्धांना व शाळकरी मुलांना रोज ती तुडवणे सोपे नसते. वाट टिकावी म्हणून पेव्हर ब्लॉक बसवले गेले. परंतु गुळगुळीत, ओल्या कठीण पृष्ठभागावर लोखंडी नाल घसरते, ही अश्वपालांची तक्रार न्यायालयापर्यंत पोहोचली. २०२२ साली ई-रिक्षांचा प्रायोगिक आरंभ झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षेची प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि तिची जागा ई-रिक्षांनी घ्यावी असे सुचवले. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉकला मुभा देताना आतील वाटांवर ते बसवू नयेत, असेही न्यायालयाने सांगितले.

हातरिक्षा ओढणाऱ्याची त्या कष्टातून सुटका व्हावी याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. आजारी माणसाला आणि विद्यार्थ्याला ई-रिक्षेचा आधार मिळाला तर तेही योग्यच. घोडेमालकाच्या हिशेबात मात्र नाका ते बाजारपेठ ही फेरी रोजची मीठ-भाकरी होती. पॉइंटांची सफर ही सणासुदीची मिळकत. पहिली कमी झाली की दुसरीवर ताण येतो, आणि तो ताण अखेर घोड्याच्या पाठीवर उतरण्याची भीती असते. मिळकत आटलेला मालक आधी चंदी कमी करतो, मग नालबंदाला उशिरा बोलावतो, मग गर्दीच्या दिवशी विश्रांतीची फेरी गाळतो. पावसाळ्यात, जेव्हा पर्यटक विरळ होतात, चिखलाने खूर मऊ पडतात आणि ओल्या अंगाला त्वचारोग जडतात, तेव्हा तर ही ओढाताण अधिकच. ज्या गावाने शंभराहून अधिक वर्षे मोटारीविना दिवस काढले ते घोड्यांच्या बळावर. त्या घोड्यांसाठी मातीच्या वाटा राखणे, जागोजागी पाण्याचे हौद आणि सावलीचे थांबे ठेवणे, पशुवैद्यकाची नियमित सोय करणे, हा त्या गावाच्या खर्चातला आवश्यक भाग मानला गेला पाहिजे.

पर्यटकाच्या हातीही बरेच काही आहे. घोडा निवडताना त्याच्या रंगाऐवजी पाठ आणि पाय पाहावेत. फासळ्या मोजता येत असतील, खोगिराच्या कडेला जखम दिसत असेल, घोडा लंगडत असेल तर त्यावर बसू नये. भाराचा हिशेबही सोपा आहे. खोगिरासह स्वाराचे वजन घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत असावे, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. ३०० किलोच्या तट्टावर साठ किलो ही मर्यादा झाली. ऐंशी किलोच्या गृहस्थाने चारशे किलोहून मोठा घोडा मागावा किंवा पायी चालावे. एका घोड्यावर दोघांनी बसण्याचा आग्रह तर मुळीच धरू नये. डोक्यावर शिरस्त्राण असावे. मुलांच्या बाबतीत त्यात सवलत नको.

चढावे घोड्याच्या डाव्या बाजूने, तंग घट्ट आहे याची खात्री झाल्यावर. रिकिबीत पायाचा पुढचा भाग तेवढा ठेवावा आणि टाच खाली दाबावी, म्हणजे तोल गेला तरी पाय अडकत नाही. मांड पक्की हवी. पण मांड म्हणजे गुडघ्यांनी आवळून धरणे नव्हे, घोड्याच्या चालीबरोबर कमरेने हलत राहणे होय. चढावर थोडे पुढे झुकावे, उतारावर किंचित मागे. लगामाला लोंबकळू नये. आधार हवाच असेल तर खोगिराचा पुढचा उंचवटा धरावा. छायाचित्रासाठी घोडा दौडवण्याचा हट्ट करू नये. माथेरानची अरुंद, मुळांनी भरलेली वाट दौडीसाठी नाही, आणि पायी चालणाऱ्यांचाही तिच्यावर तेवढाच हक्क आहे. पाण्याच्या हौदापाशी अश्वपालाने, "काका, दोन मिनिटं थांबू या, त्याला पाणी पिऊ दे," असे म्हटले तर घड्याळ दाखवू नये.

सूर्य प्रबळगडामागे कलला आणि पॉर्क्युपाइन पॉइंटवरची गर्दी परतू लागली की घोडेही आपापल्या ठाणाकडे वळतात. खोगीर उतरवल्यावर मालक आधी पाठीवरचा घामाचा ठसा पाहतो. ठसा सर्वत्र सारखा असेल तर खोगीर नीट बसले. मध्येच एखादा कोरडा डाग असेल तर तेथे दिवसभर दाब पडला, आणि उद्या गादी बदलली पाहिजे. मग पाय धुणे, खूर पुन्हा एकदा पाहणे, वैरण घालणे. चंदीचा तोबरा लगेच चढत नाही. अंग निवून श्वास संथ होईपर्यंत त्याला वाट पाहावी लागते. त्या मधल्या वेळात मोकळा सोडलेला घोडा दोन पावले चालतो, जमीन हुंगतो, गुडघे टेकून खाली बसतो आणि तांबड्या मातीत मनसोक्त लोळतो. सकाळी केलेला सारा खरारा त्या एका लोळणीत मातीला मिळतो. मालक ते पाहत उभा राहतो, कारण लोळणारा घोडा हा निरोगी घोडा असतो, आणि पहाटे त्याच मातीपासून पुन्हा कामाला आरंभ करायचा असतो.